सतरावे नाव

आमच्या घरी हॉकीचा हंगाम मैदानावर सुरू होण्याच्या आधी जेवणाच्या पानावर सुरू होतो. नवा संघ जाहीर होणार अशी बातमी आली, की प्रत्येकाने आपापला संघ कागदावर लिहावा, कागदाची घडी देवघराच्या फळीवर ठेवावी आणि अधिकृत यादी आली म्हणजे सगळ्या घड्या एकदम उघडाव्यात, असा वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ आहे. ज्याची नावे सर्वांत जास्त जुळतील त्याला येत्या रविवारी बसल्या जागी पोहे-जिलबी. ज्याची सर्वांत कमी जुळतील त्याने ती थंडीत जाऊन आणायची. एवढीच काय ती पैज. पण तिच्यापायी आमच्या घरात दोन दोन दिवस अबोला धरला गेल्याचे आम्हांस आठवते.

वडील अकरा नावे लिहीत. त्यांच्या तरुणपणी खेळ एकदा सुरू झाला म्हणजे खेळाडू बदलण्याची सोय नव्हती. पाय मुरगळला तरी अकरातल्याच कुणी तो सोसायचा आणि बाहेर बसलेल्याने तो पाहायचा. आम्ही सोळा लिहितो. ऑलिंपिकला सोळाजणांचाच संघ असतो आणि ते सोळाजण सामन्यात हवे तेव्हा आत-बाहेर होऊ शकतात. पाच जागा वाढल्या. वाद मात्र तसूभरही कमी झाला नाही. उलट पूर्वी 'सेंटर फॉरवर्ड कोण' एवढ्यावर भागत असे, तेथे आता पेनल्टी कॉर्नर मारणारे किती, अडवणारे किती, तरुण किती आणि जाणते किती, असा हिशेब मांडावा लागतो.

यंदाचा तंटा गोलरक्षकावरून होता. सोळांत गोलरक्षक एक घ्यावा की दोन? आमच्या चिरंजीवांचे म्हणणे, एकच. दाखला पॅरिसचा. २०२४ च्या त्या ऑलिंपिकला आपल्या सोळांत श्रीजेश हा एकटाच गोलरक्षक होता. कृष्णबहादूर पाठक राखीव तिघांत होता. ४ ऑगस्टला ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना चालू असताना अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि साठ मिनिटांच्या खेळातली चाळीसहून अधिक मिनिटे आपण दहाजणांनिशी काढली. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये आपण ४-२ ने जिंकलो. पण रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, म्हणून जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यास पंधराच माणसे उरली. तो आपण २-३ असा गमावला. ''त्या पंधरांतली आणखी एक जागा दुसऱ्या गोलरक्षकाने अडवली असती तर?'' असा चिरंजीवांचा सवाल. त्यावर आमचे उत्तर असे, की वर्षानुवर्षे ज्याने सरावात चेंडू झेलले त्याला दाराशी आणून बाहेर उभे करणे हा न्याय नव्हे. चिरंजीव म्हणाले, ''बाबा, तुम्ही संघ निवडता आहात की पंगत वाढता आहात?'' यावर घरातले सगळे हसले. आम्ही मात्र कागद घडी न करताच खिशात टाकला.

तो खिशात टाकलेला कागदच आम्हां उभयतांना पुढच्या प्रवासाला घेऊन गेला म्हणायला हरकत नाही. ग्वाल्हेरला लष्करात आमच्या मावसभावाकडे मुंज होती. जायचे होतेच. तेव्हा जाण्याआधी महू आणि ग्वाल्हेरच्या पुढे झाशी, अशी हॉकीची तीन गावे एका फेरीत पाहावीत असे ठरले. जन्म माळव्यात गेला. पण ज्या नावांवरून आयुष्यभर भांडलो त्यांची गावे त्या दृष्टीने कधी पाहिली नव्हती.

महू इंदूरहून हाकेच्या अंतरावर. १८१८ साली मंदसौरचा तह होऊन होळकरशाहीचे दात काढले गेले, त्यानंतर इंग्रजांनी येथे छावणी वसवली. याच छावणीत १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, आणि गावाचे आजचे अधिकृत नावही डॉ. आंबेडकर नगर असेच आहे. छावणी आली म्हणजे मैदाने आली, आणि गोऱ्या पलटणींबरोबर हॉकीही आली. गोऱ्यांचा खेळ पाहायला कुंपणाशी उभी राहणारी पोरे एक दिवस कुंपणाच्या आत आली. बऱ्याच छावण्यांतून हॉकी अशीच रुजली. पण महूएवढे पीक फार थोड्या गावांनी दिले असेल.

१९१७ साली महूला जन्मलेले किशनलाल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या संघाचे कर्णधार झाले. १२ ऑगस्ट रोजी वेंब्लीच्या मैदानावर ब्रिटनला त्यांच्याच घरी आपण चार-शून्य असे हरवले. स्वातंत्र्याला वर्ष पुरे व्हायला तीन दिवस कमी होते. वडिलांच्या पिढीला हा निकाल पाठ होता. तो सांगताना ते 'चार' या आकड्यावर जरा थांबत.

महूचे दुसरे नाव शंकर लक्ष्मण. १९३३ सालचा जन्म. १९४७ साली ते बँडवाले शिपाई म्हणून फौजेत शिरले आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन होऊन निवृत्त झाले. माळव्याचा हा गोलरक्षक पलटणीच्या नात्याने मराठा होता, ही गोष्ट आम्हांला नेहमीच विशेष वाटत आली. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो या तिन्ही ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत आपल्यासमोर पाकिस्तान होता आणि आपल्या गोलपोस्टमध्ये शंकर लक्ष्मण. पहिला एक-शून्य जिंकला, दुसरा शून्य-एक हरला, तिसरा पुन्हा एक-शून्य जिंकला. तीन अंतिम सामने, आणि चेंडू त्यांना चुकवून आत गेला तो एकदाच. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत तेच कर्णधार होते आणि सुवर्णपदक आपले होते.

छावणीच्या बाजारात चहा घेताना आमच्या टेबलाशी एक निवृत्त सुभेदार येऊन बसले. इंदूरहून हॉकीसाठी आलो म्हटल्यावर त्यांनी कपबशी बाजूला सारली. ''एकोणीसशे अडुसष्ट,'' ते म्हणाले, ''मेक्सिको. त्या साली काय झालं ते ठाऊक आहे ना?'' ठाऊक होते. कर्णधार कोण, यावरून संघात वाद माजला आणि अखेर पृथिपालसिंग आणि गुरुबक्षसिंग असे दोन संयुक्त कर्णधार नेमण्याची पाळी आली. ऑस्ट्रेलियाने उपांत्य सामन्यात आपल्याला हरवले आणि १९२८ पासून जो संघ ऑलिंपिकहून सुवर्ण किंवा रौप्य घेऊनच परतत होता, तो प्रथमच कांस्य घेऊन आला. ''ते नव्हे,'' सुभेदार म्हणाले. ''कर्णधार दोन घेतले, पण शंकरला घेतलं नाही. त्यानंतर तो खेळलाच नाही. पलटणीत राहिला. मग गावी आला. इथेच गेला, दोन हजार सहा साली.'' एवढे बोलून ते उठले. आम्ही ती गोष्ट त्या वेळी निवड समितीच्या चुकांच्या खात्यावर मांडली आणि मनातल्या मनात चिरंजीवांविरुद्ध एक मुद्दा मिळाला म्हणून संतोष मानला. सुभेदारांच्या शेवटच्या तीन वाक्यांकडे आमचे लक्षच गेले नाही.

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी ग्वाल्हेरला उतरलो. ग्वाल्हेर म्हणजे मराठी माणसाला परके गाव नव्हे. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली ती उठलीच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले आणि गावाचे नावच 'लष्कर' पडले. बाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून अजूनही एखाद्या ओसरीवरून तानपुऱ्याचा स्वर आणि फोडणीचा वास एकदम येतो, आणि आतून ''कोण आहे?'' असे मराठीत विचारले जाते. मावसभावाचा वाडा असाच. मुंज दुसऱ्या दिवशी होती. पहिली दुपार आम्ही कॅप्टन रूपसिंग स्टेडियमसाठी राखून ठेवली.

रूपसिंग हे ध्यानचंदांचे धाकटे बंधू. ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत नोकरीस होते आणि १९७७ साली येथेच वारले. ध्यानचंदांच्या सावलीत त्यांचे नाव नेहमी अर्धे झाकले गेले. पण ११ ऑगस्ट १९३२ रोजी लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध जे चोवीस गोल झाले त्यांत थोरल्याचे आठ आणि धाकट्याचे दहा होते. 'लेफ्ट इन'च्या जागी त्यांच्या तोडीचा खेळाडू आम्ही पाहिला नाही, असे वडिलांना सांगणारे वृद्ध आम्ही लहानपणी ऐकले आहेत. त्या दौऱ्यासाठी निवड झाली तेव्हा अंगावर घालण्यासारखे कपडे नाहीत म्हणून रूपसिंग जायलाच तयार नव्हते, आणि ध्यानचंदांनी पदरचे पैसे खर्चून त्यांना कपडे करून दिले, अशी आठवण सांगितली जाते. ती खरी असेल तर एका सुटाच्या अंतरावर केवढी गोष्ट राहून जात होती!

त्यांच्या नावाचे हे मैदान मुळात हॉकीचे. पुढे त्यावर क्रिकेट आले. १९८८ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजबरोबर पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी याच हिरवळीवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिन तेंडुलकरने नाबाद दोनशे धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतले ते पहिले द्विशतक. त्या रात्री आम्हीही इंदूरला फटाके ऐकले होते. मराठी मनाला अभिमान वाटावा असेच ते स्थळ. पण फाटकावरचे रूपसिंगांचे नाव वाचून आत पाहिले, की मनात थोडे कालवते. ज्याच्या नावाने मैदान, त्याचा खेळ तेथून उठला. आता शहराबाहेर शंकरपूरला क्रिकेटचे नवे मोठे स्टेडियम झाले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात बांगलादेशविरुद्धचा आंतरराष्ट्रीय सामना तिकडे झाला. म्हणजे पाहुणाही मोठ्या घरी राहायला गेला.

मात्र ग्वाल्हेरची हॉकी संपली असे समजणे चूक ठरेल. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला खेळलेला शिवेंद्रसिंग ग्वाल्हेरचाच, आणि पुढे भारतीय संघाच्या प्रशिक्षकांतही त्याचे नाव आले. शिवाय २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमी याच शहरात आहे. संध्याकाळी कंपूच्या बाजूला गेलो, तर निळ्या कृत्रिम हिरवळीवर पाण्याचे फवारे उडत होते आणि स्टिकांचा कडकडाट चालू होता. नाना प्रांतांतल्या मुली, हाका हिंदीत. रूपसिंगांच्या गावात आता हॉकी कुणाची, याचे उत्तर तेथे मिळते.

रात्री वाड्याच्या चौकात पुरुषमंडळींची बैठक जमली. मांडव घालून झाला होता, आचाऱ्याकडची कामे मार्गी लागली होती, आणि मोरेनाच्या गजकेचे ताट मध्ये होते. आम्ही खिशातला कागद काढला. मग काय विचारता! मावसभावाने चष्मा लावला. व्याही म्हणाले, ''या वयाच्या खेळाडूला कशाला? दोन वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर?'' कुणी म्हणाले, पंजाबची इतकी नावे आणि मध्य प्रदेशाचे एखादेच, हे काय? कुणी १९८२ ची दिल्ली काढली. त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्यावर सात गोल केले आणि आमच्या इंदूरशी नाते असलेल्या मीररंजन नेगींवर नाही नाही ते आळ आले. तेच नेगी पुढे गोलरक्षकांचे मार्गदर्शक झाले आणि १९९८ ला बँकॉकहून सुवर्ण घेऊन आलेल्या संघाबरोबर होते, ही आठवण आम्ही दिली. कुणी आमच्याच पिढीचा दाखला दिला: त्याच बँकॉकच्या विजयानंतर खडकीच्या धनराज पिल्लेला आणि आणखी सहाजणांना 'विश्रांती' देण्यात आली होती, आणि सुवर्णपदकाच्या कर्णधाराला विश्रांती कसली, म्हणून गावोगाव रान उठले होते. पेन्सिल हातोहात फिरत होती. एक नाव खोडले जाई, दुसरे चढे, तिसऱ्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह येई. गोलरक्षकांपाशी आल्यावर मावसभावाने एका नावावर सरळ रेघ ओढली आणि ते म्हणाले, ''हा गेला.''

चौकाच्या कडेला, जिन्याच्या पायरीवर, मावसभावांची नात आपले पॅड पुसत बसली होती. सोळा वर्षांची पोर. शाळेच्या संघात गोलरक्षक. तिने मान वर न करता विचारले, ''आजोबा, ज्याचं नाव तुम्ही खोडलंत, तो दुसऱ्या दिवशी काय करतो?''

''काय करतो म्हणजे? मेहनत करतो. पुन्हा यायची तयारी करतो,'' मावसभाऊ म्हणाले.

''ते नाही विचारत मी. सकाळी उठून कुठे जातो?''

कुणाला काही सुचेना. तेवढ्यात तिची आई आतून बाहेर आली आणि हलकेच म्हणाली, की बाहेरगावच्या स्पर्धेसाठी शाळेची यादी त्याच दुपारी लागली होती. सोळाजणी जाणार होत्या, गोलरक्षक एकच. मुंजीच्या घरात कशाला सांगायचे म्हणून पोरीने कुणाला सांगितले नव्हते. मावसभाऊ ताडकन उठले. शाळेत जाऊन जाब विचारतो, म्हणू लागले. पोर म्हणाली, ''नको आजोबा. ती खरंच माझ्याहून चांगली आहे. तिचे पाय माझ्यापेक्षा लवकर हलतात.'' मग पॅड उचलून ती वर गेली. कागद ताटाशेजारी पडला होता. त्याला पुन्हा कुणी हात लावला नाही.

आयुष्यभर आम्ही नावे खोडीत आलो. त्या नावांना दुसरा दिवस असतो हे त्या रात्रीपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते. आणि त्या पोरीने निवडणारांना दोषही दिला नव्हता. अन्याय झाला असता तर आम्हांला बोलता आले असते. अन्यायावर बोलण्याचा आम्हांला सराव आहे. पण निवड योग्य होती आणि दुःखही खरे होते. त्याला काय म्हणायचे?

मुंज आटोपून आम्ही झाशीची गाडी धरली. वाट दीड-पावणेदोन तासांची. निघताना त्या पोरीला म्हटले, ''ध्यानचंदांच्या गावी चाललोय. तुझा प्रश्न त्यांना विचारतो.'' ती हसली.

झाशी आम्हां मराठी माणसांना राणीमुळे ठाऊक असते. ओरछाच्या वीरसिंगदेवाने बांधलेल्या किल्ल्यावर अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल आला, सुभेदार नारो शंकरांनी तो वाढवला, आणि त्याच किल्ल्यातून राणी लक्ष्मीबाई निघाल्या त्या ग्वाल्हेरच्या मातीत विसावल्या. आता रेल्वे स्टेशनावरही त्यांचेच नाव आहे. पण गावात शिरले की सीपरी बाजूच्या टेकडीवर उंच दिसतो तो हातात स्टिक घेतलेला ध्यानचंदांचा पुतळा. एका गावाला दोन दैवते, आणि दोघांच्याही हातात काठीएवढे हत्यार! झाशीची हॉकी त्यांच्याबरोबर संपली नाही. ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांनी १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला, आणि २०१२ ला लंडनला खेळलेला तुषार खांडकर झाशीत जन्मलेला. हे आडनाव संघाच्या यादीत प्रथम वाचले, तेव्हा आमच्या घरात त्याच्या नावावर कुणीच रेघ ओढली नव्हती. यादी करताना पक्षपात होतो तो असा.

हीरोज मैदानावर गेलो. ध्यानचंद येथेच वाढले, खेळले, आणि ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत निधन झाल्यावर त्यांना याच मैदानात अग्नी देण्यात आला. समाधी साधी आहे. 'झाशी हीरोज' या त्यांच्या क्लबाने १९३३ साली कलकत्त्यास बायटन चषकाच्या अंतिम सामन्यात कॅलकटा कस्टम्सला हरवले होते. ऑलिंपिकचे तीन विजय गाठीशी असताना, आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला सामना कोणता, तर तो, असे ध्यानचंदांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. गावच्या संघातून खेळल्याचा आनंद देशाच्या संघालाही पुरून उरला, असा आम्ही त्याचा अर्थ लावला.

समाधीपाशी बसून आम्ही तो प्रश्न मनात उजळला. आणि लक्षात आले, की ध्यानचंदांकडे याचे उत्तर असण्याचे कारणच नाही. त्यांना कधी कुणी वगळलेच नाही. १९३२ साली पलटणीने चाचणी सामन्यांसाठी रजा दिली नाही, तर निवड समितीने त्यांना चाचणीवाचूनच संघात घेतले. ज्याच्यापुढे यादीलाच वाकावे लागले, त्याला यादीबाहेरच्या माणसाचे काय विचारणार?

पण त्यांच्या भोवतीच्या संघांची हकीकत आठवू लागलो, तशी आणखी एक गोष्ट उमगली. १९२८ साली पहिला ऑलिंपिक संघ मुंबईहून निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाकडून दोनास तीन असा हरला, आणि बंदरावर निरोप द्यायला तिघेच आले होते. तो संघ सुवर्ण घेऊन परतला. १९३६ चा संघ दिल्लीत स्थानिक संघाकडून १-४ असा हरून निघाला, आणि १७ जुलैला जर्मनीत सराव सामन्यातही त्याच फरकाने हरला. तेव्हा कर्णधार ध्यानचंदांच्या संघाला मागे राहिलेल्या एका खेळाडूची आठवण झाली. तार गेली, आणि अली दारा विमानाने बर्लिनला येऊन उपांत्य आणि अंतिम सामन्यात खेळले. १५ ऑगस्टला आपण जर्मनीला ८-१ असे हरवले. म्हणजे यादी लागल्यावर संघ पुरा होतो हे खरे नव्हे. दारा त्या महिन्यात स्टिक खुंटीला टांगून बसले असते, तर तार येऊन काय उपयोग होता?

परतीच्या गाडीत आम्ही उभयता यावर बोलत होतो. ''हेच सांगू पोरीला,'' आम्ही म्हटले. सौभाग्यवती म्हणाल्या, ''आणि महूचे शंकर लक्ष्मण? त्यांची गोष्ट नाही सांगायची? त्यांना तार आली नाही.'' तेव्हा कुठे सुभेदारांची तीन वाक्ये आम्हांला ऐकू आली. पलटणीत राहिला. मग गावी आला. इथेच गेला. तीन अंतिम सामन्यांत एकच गोल खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठे गेला, याचे उत्तर आम्हांला प्रवासाच्या पहिल्याच दिवशी मिळाले होते. तो कामावर गेला.

ग्वाल्हेर स्टेशनावर आमची गाडी दोन तास उशिरा होती. मावसभाऊ डबा घेऊन आले, बरोबर नात. फलाटावर तिला आम्ही दोन्ही गोष्टी सांगितल्या, दारांची आणि लक्ष्मणांची. एक सांगून दुसरी लपवली नाही. तार येते, कधी येत नाही. पॅरिसला बाहेर राहिलेल्या पाठकचेही सांगितले, की श्रीजेश निवृत्त झाल्यावर गोलपोस्ट त्याच्याकडे आली आणि २०२५ चा आशिया चषक जिंकणाऱ्या संघात तो होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ''शंकर लक्ष्मणांना वाईट वाटलं असेल ना?'' आम्ही म्हटले, ''हो. फार वाटलं असेल.'' या उत्तराने तिचे समाधान झालेसे दिसले. मग तिने डब्यातल्या गुळपोळीला तूप वेगळे दिले आहे, ते सांडू देऊ नका, असे बजावले.

इंदूरला आल्यावर आठवड्याने तिचा फोन आला. मुंजीचे फोटो मिळाले का, हे विचारण्यासाठी. बोलता बोलता तिने सांगितले, की ती रोज सकाळी मैदानावर जाते. स्पर्धा तोंडावर आहे. पेनल्टी कॉर्नरचा सराव करायचा तर समोर गोलपोस्टमध्ये कुणीतरी उभे राहायला हवे, आणि निवडलेल्या मुलीला दिवसभर चेंडू खाऊ घालता येत नाहीत. ''मग मी उभी राहते. काल चाळीसांतले एकोणीस अडवले, आजोबा.''

भारतीय संघाची यादीही पुढे लागली. घड्या उघडल्या. चिरंजीव जिंकले आणि पोहे-जिलबी आणायची पाळी आमच्यावर आली. आमच्या कागदावर एक वाढीव ओळ पाहून त्यांनी ती नियमात बसत नसल्याची तक्रार केली. सोळा नावांच्या खाली रेघ मारून आम्ही आणखी एक नाव लिहिले होते. आपण स्वतः खोडलेले. ते गुणांत धरू नये, एवढे मान्य करून आम्ही गळ्याला मफलर गुंडाळला आणि पिशवी घेऊन बाहेर पडलो.